एकोणीस जणांचे कॉलेज

वैशाख सरत आला की दहावीचे निकाल लागतात, आणि त्यापुढील पंधरा दिवस माझ्यासारख्या अध्यापकाच्या दारावरील घंटेस विश्रांती मिळत नाही. आपल्या राज्यात अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी पदवी-महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. त्यामुळे कॉलेज निवडण्याचा प्रसंग मुलाच्या सोळाव्या वर्षीच येऊन ठेपतो. येणाऱ्या पालकांच्या हाती चार-पाच कॉलेजांची गुळगुळीत कागदावर छापलेली माहितीपत्रके असतात आणि मुखी बहुधा एकच प्रश्न असतो: “सर, अभ्यास, कला आणि क्रीडा या तिन्हींचा समतोल साधणारे एखादे चांगले कॉलेज सुचवा.”

गेल्या वर्षी माझ्या परिचयाचे एक गृहस्थ असेच सहकुटुंब आले होते. स्वतः बँकेत अधिकारी, पत्नी शाळेत शिक्षिका, आणि बरोबर त्यांची कन्या. मुलगी शाळेच्या खो-खो संघात खेळलेली, शाळेच्या नाटकांत कामे केलेली आणि एवढे करून दहावीस उत्तम गुण मिळवलेली. मी एका कॉलेजचे नाव सुचवले. वडिलांनी प्रथम गतवर्षीचा ‘कट-ऑफ’ विचारला. आईने विचारले, “मैदान आहे ना? रंगमंच?” मी म्हटले, “दोन्ही आहेत.” उभयतांस समाधान वाटले. मग वडील किंचित पुढे सरकून म्हणाले, “पण सर, या सगळ्यांत अभ्यासाचा वेळ तर जाणार नाही ना? क्लास दुपारी दोन ते आठ लावला आहे.” मी विचारले, “मग ही खेळणार केव्हा?” आई उत्तरली, “रविवारी खेळेल की.” त्यावर वडिलांनीच त्यांस आठवण दिली की रविवारी क्लासची परीक्षा असते. आम्ही सर्व हसलो. मुलगी तेवढी हसली नाही. ती माहितीपत्रकातील एका छायाचित्राकडे पाहत होती. त्यात खांबाजवळ सूर मारून गडी बाद करणारी कोणी एक खेळाडू होती.

या प्रसंगात हसण्यासारखे काही नव्हते, हे मंडळी निघून गेल्यावर माझ्या ध्यानी आले. त्या पालकांस मी दोष देतो असे कोणी समजू नये. दोष द्यायचा तर त्यांच्या आधी संस्थाचालकांस आणि आम्हा अध्यापकांस द्यावा लागेल. परंतु ‘समतोल’ या सरळ, अर्थपूर्ण शब्दाचे आपण सर्वांनी मिळून काय करून ठेवले आहे, हे कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या कॉलेजच्या कपाटात ढाली आणि करंडक पुष्कळ, गुणवत्ता यादीत नावे पुष्कळ, ते समतोल कॉलेज, अशी एक समजूत सुशिक्षित घराघरांत रुजली आहे. माझ्या मते ही समजूत साफ चुकीची आहे. कॉलेजचा समतोल विजेत्यांवरून मोजायचा नसतो. जे कधीच विजयी होणार नाहीत त्यांस तेथे काय मिळते, यावरून तो मोजायचा असतो.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका कॉलेजात चार हजार विद्यार्थी आहेत. त्याचे दहा खेळांचे संघ आहेत आणि प्रत्येक संघात सरासरी बारा खेळाडू आहेत. म्हणजे एकशेवीस झाले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणाऱ्या एकांकिकेस पडद्यामागील मंडळी धरून पंचवीस-तीस मुले लागतात. समूहगान, लोकनृत्य, वक्तृत्व, पथनाट्य यांची मिळून आणखी पन्नास धरा. बेरीज दोनशेच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्या कॉलेजच्या माहितीपत्रकाची अर्धी पाने क्रीडा आणि कला यांच्या छायाचित्रांनी भरलेली असतात, तेथेही वीस विद्यार्थ्यांमागे एकच मैदानावर किंवा रंगमंचावर पाऊल ठेवतो. उरलेल्या एकोणीस जणांसाठी मैदान ही वाहनतळाकडे जाताना ओलांडण्याची जागा असते, आणि नाट्यगृह ही पाहुण्यांच्या भाषणास बळेच नेऊन बसवण्याची. मात्र शुल्क सर्वांकडून सारखेच घेतले जाते, आणि त्यात जिमखान्याचीही एक रक्कम असते.

त्या एकाचे तरी भले होते काय? अनेक संस्था खेळाडू घडवीत नाहीत. घडलेले खेळाडू गोळा करतात. तालमीत आणि गावच्या मैदानावर तयार झालेला मुलगा शुल्कमाफी, भोजन आणि वसतिगृह यांच्या मोबदल्यात आणावयाचा, तीन वर्षे त्याच्याकडून ढाली जिंकून घ्यावयाच्या आणि मग त्यास निरोप द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या कॉलेजात होतो, तेथे दुष्काळी भागातील एक मुलगा कबड्डीसाठी असा आणला गेला होता. चढाईत त्याचा हात धरणारा विद्यापीठात नव्हता. तो वर्गात कधी दिसत नसे. जिमखान्याकडून चिठ्ठी येई आणि मी हजेरीपटावर मुकाट्याने खूण करी. एके दिवशी तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, परीक्षेला हा धडा आहे. जरा समजावून सांगाल का?” मला दुसऱ्या तासाची घाई होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, “अरे, तू खेळाकडे लक्ष दे. अभ्यासाचे आपण पाहू.” तो हसून निघून गेला. तिसऱ्या वर्षी त्याचा गुडघा निकामी झाला. सवलती थांबल्या, पदवी अपुरी राहिली, आणि तो गावी परत गेला. त्या कॉलेजच्या प्रवेशद्वारातील फलकावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत होते. मी तेथे असेपर्यंत रोज त्याखालून जात असे. त्याच्या शिक्षणाचा घात करणाऱ्यांत एक मीही होतो, हे मला त्या फलकाने कधी विसरू दिले नाही. असे फलक पाहून जे पालक ‘येथे क्रीडेस उत्तेजन आहे’ असा निष्कर्ष काढतात, त्यांनी त्यांवरील नावांपैकी कितींनी पदवी मिळवली, हेही एकदा विचारावे.

रंगभूमीची कथा फारशी निराळी नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा सुरू केली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या हातांनी नाटक उभे करावे, चुकावे आणि शिकावे, ही अशा स्पर्धांची खरी किंमत. त्यांतून मराठी रंगभूमीस पुढे किती माणसे मिळाली हे सर्वश्रुत आहे. २०२२ साली या स्पर्धेच्या परीक्षकांनी, करंडकास पात्र अशी एकही एकांकिका नाही, असे सांगून तो कोणासच दिला नाही. केवढा गहजब झाला! मला मात्र ती बातमी वाचून त्या स्पर्धेविषयी आदरच वाटला. करंडक हा कोणास तरी दिलाच पाहिजे, तो कॉलेजचा हक्क आहे, ही भावना ज्यांच्या मनात आहे त्यांस नाटक नको असते. कपाट भरावयाचे असते. मग बाहेरचा दिग्दर्शक येतो, तो आपल्याबरोबर प्रकाशयोजना आणि नेपथ्य घेऊन येतो, आणि विद्यार्थी हे त्याच्या हातचे सामान होतात. ज्यास शब्द स्पष्ट उच्चारता येत नाहीत, परंतु उच्चारावयाचे आहेत, अशा बुजऱ्या मुलास तेथे कोण उभा करणार? वस्तुतः नाटकाची गरज त्यालाच सर्वांत अधिक असते.

कला आणि क्रीडा यांचे हे असे झाले. अभ्यासाचे तरी बरे चालले आहे, असे वाचक म्हणतील. दुर्दैवाने तेथेही हाच हिशेब आहे. विज्ञान शाखेच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांनी खाजगी क्लासांशी संगनमत करून ‘इंटिग्रेटेड’ या भारदस्त नावाखाली आपले वर्गच त्यांच्या हवाली केले आहेत. मुलाचे नाव कॉलेजच्या पटावर आणि मुलगा क्लासच्या बाकावर, ही स्थिती इतकी सार्वत्रिक झाली की २०१८ साली राज्य शासनास विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक यंत्राने हजेरी घेण्याचा आदेश काढावा लागला. गुरुजींच्या शब्दापेक्षा विद्यार्थ्याच्या अंगठ्यावर अधिक विश्वास ठेवण्याची पाळी सरकारवर यावी, यापरते आम्हा अध्यापकांच्या अवनतीचे दुसरे प्रमाण नको. आणि हे सर्व कशासाठी? २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा सरकारी आणि खाजगी मिळून सव्वा लाखाहून कमी होत्या. येथेही जवळजवळ वीसांत एक! त्या एकाचे छायाचित्र क्लासच्या जाहिरातीत झळकते. उरलेल्या एकोणिसांनी दोन वर्षांच्या संध्याकाळी दिलेल्या असतात, त्या त्यांस कोणी परत करीत नाही.

म्हणजे आपण ज्यास समतोल म्हणतो, तो असा आहे की मैदानावर आणि रंगमंचावर मिळून वीसांत एक आणि परीक्षेतही जवळजवळ वीसांत एक. तीन तऱ्हेचे तीन विजेते एका छताखाली ठेवले आणि त्यांची छायाचित्रे एका माहितीपत्रकात छापली, की झाला समतोल. वास्तविक समतोल हा कॉलेजच्या कपाटात असावयाचा नसून विद्यार्थ्याच्या दिवसात असावयाचा असतो. एकाच मुलाने सकाळी प्रयोगशाळेत गढून जावे, दुपारी वाचनालयात बसावे आणि संध्याकाळी घाम गाळावा किंवा गळा मोकळा करावा. त्यात तो पहिला येवो की शेवटचा. हे ज्या कॉलेजात घडते तेच समतोल कॉलेज, मग त्याचे कपाट रिकामे असले तरी चालेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी हलका मानीत नाही. सामान्य मध्यमवर्गीय माणूस म्हणेल, “सर, आमच्यामागे इस्टेट नाही, शेतीवाडी नाही. मुलाचे गुण हीच आमची मालमत्ता. दोन वर्षे खेळला नाही तर आकाश कोसळत नाही. परंतु दोन वर्षे अभ्यास चुकला तर जन्म वाया जातो.” ही भीती खरी आहे. मीही त्याच वर्गातील आहे आणि मीही माझ्या मुलांच्या बाबतीत ती भीती अनुभवली आहे. परंतु ही भीती आपणांस ज्या मार्गाने नेते, त्या मार्गावर विम्याचे संरक्षण नाही, हे आकडेच सांगतात. सर्व काही एका परीक्षेच्या पारड्यात टाकून ज्या मुलाच्या हाती अखेर काहीच लागत नाही, त्याच्याजवळ उरते काय? पराभव कसा सोसावा हे त्यास कोणी शिकवलेले नसते. कारण ते शिकवणारी जागा मैदान होती, आणि तेथे त्यास जाऊ दिलेले नसते. दर शनिवारी सामना हरून सोमवारी पुन्हा सरावास येणारा मुलगा एका निकालाने मोडून पडण्याचा संभव कमी असतो, असे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. अभ्यासातून वेळ काढून खेळावे, असे मी म्हणत नाही. अभ्यास करणारे मन ज्या शरीरात राहते आणि ज्या भावनांवर चालते, त्यांची तरतूद करणे हा अभ्यासाचाच भाग आहे, असे म्हणतो.

आणि हे तिन्ही एकत्र नांदू शकतात, यास पुरावा शोधण्यास परदेशी जावयास नको. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व करून १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. तेव्हा ते वयाच्या पन्नाशीस टेकले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याचा प्रश्न पैशापाशी अडला, तेव्हा त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारतास कुस्तीतील कांस्यपदक आणून दिले. वैद्यकाहून कष्टाचा अभ्यासक्रम दुसरा नसेल. परंतु पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून श्रीराम लागू, जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे तिघेही डॉक्टर होऊन बाहेर पडले, आणि तिघांनीही मराठी रंगभूमी समृद्ध केली. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले, त्याचे दिग्दर्शक एक बालरोगतज्ज्ञ होते आणि त्यातील नाना फडणवीस पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून मान्यता पावले.

ही उदाहरणे देऊन ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकण्याचा माझा हेतू नाही. त्या दिवसांत कॉलेजचे फाटक फारच थोड्यांसाठी उघडे होते. मुली मोजक्या होत्या आणि गावकुसाबाहेरचा विद्यार्थी विरळा होता. आज तेथे सर्व थरांतील मुले येतात हे भूषणच आहे. शिवाय ही नावे देखील विजेत्यांचीच आहेत, असे कोणी म्हटल्यास तेही मान्य. परंतु या गोष्टींत मला विजेत्यांहून दुसरेच काही अधिक महत्त्वाचे वाटते. संस्कृतचा प्राध्यापक पांढरे कपडे चढवून मैदानात उतरतो, तेव्हा त्याच्या वर्गातील सामान्य विद्यार्थ्यासही कळते की विद्या आणि खेळ यांचे वैर नाही. प्राचार्य घर गहाण ठेवतो, तेव्हा कॉलेज आणि विद्यार्थी यांचे नाते ढालीपुरते नाही हे सर्व गावास कळते. ज्यास विकत आणलेले आहे त्याच्यासाठी कोणी घर गहाण ठेवीत नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्रास वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ते मिळवले. परंतु त्यांची वाट शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि रेल्वेच्या नोकरीतून गेली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि या मधल्या काळात आमची कॉलेजे कोठे होती, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला पाहिजे.

शासनास हे सर्व दिसत नाही असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामध्ये ताठर भिंत नसावी असे स्वच्छ म्हटले आहे, आणि आता क्रीडा व कला यांस पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांकही मिळू लागले आहेत. परंतु आपल्या हाताला एक विलक्षण गुण आहे. तो ज्यास स्पर्श करील त्याचे प्रमाणपत्र होते. दहावीस चित्रकलेच्या परीक्षांचे, शास्त्रीय कलांचे आणि खेळांचे वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा त्या कलांचा प्रसार होईल अशी आशा होती. झाले असे की, गुण मिळेपर्यंत गाणे आणि गुण मिळाल्यावर पेटी माळ्यावर! श्रेयांकांचेही तसेच होईल. वर्षाच्या अखेरीस एक दिवस मैदानावर हजेरी, एक छायाचित्र, एक अहवाल, आणि खेळाचे श्रेय पदरात. जी गोष्ट केवळ आनंदासाठी करावयाची तीही गुणांच्या बाजारात नेऊन विकल्यावर मुलापाशी स्वतःचे असे काय राहिले?

मुलींच्या बाबतीत तर या समतोलाचे ढोंग अधिकच क्रूर आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला संघाने ती जिंकली आणि संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आमच्या घराघरांत तिचे कौतुक झाले, आणि त्याच घरांत ‘संध्याकाळी सातच्या आत घरात’ हा नियम तसाच राहिला. कॉलेजेही या बाबतीत पालकांच्या पुढे दोन पावले आहेत. मैदानावर दिवा नाही, कपडे बदलण्यास खोली नाही, पिण्यास पाणी नाही आणि बरोबर थांबण्यास शिक्षिका नाही. मग ‘मुलींचा प्रतिसाद कमी’ असा शेरा अहवालात लिहावयास हे मोकळे! प्रतिसाद मागण्यापूर्वी साद तरी घालावी लागते.

आता पालक विचारतील, मग आम्ही कॉलेज निवडावे कसे? माझ्या काही साध्या कसोट्या आहेत. माहितीपत्रक घरी ठेवा आणि एखाद्या साध्या दिवशी, न कळवता, संध्याकाळी पाचच्या सुमारास कॉलेजात जा. मैदानाचे फाटक उघडे आहे काय, की तेथे मोटारी उभ्या आहेत आणि लग्नाचा मांडव पडला आहे? संघाचा गणवेश न घातलेली मुले खेळताना दिसतात काय, आणि त्यांत मुली आहेत काय? जिमखान्याच्या खोलीत जो शिपाई बसतो त्यास विचारा, संघात नसलेल्या मुलाने ओळखपत्र ठेवले तर त्यास चेंडू मिळतो काय? प्राचार्यांपेक्षा त्याचे उत्तर अधिक विश्वसनीय असते. वर्गावर्गांचे सामने होतात काय ते पाहा. जेथे ते होतात तेथे त्या एकोणीस जणांची कोणास तरी आठवण आहे.

नाट्यगृहाची किल्ली कोणापाशी असते आणि विद्यार्थ्यास ती मागता येते काय, याची चौकशी करा. एकांकिका कोण बसवतो, दरवर्षी नवे चेहरे येतात की तेच ते, आणि गेल्या वर्षी नाटक पहिल्याच फेरीत पडले तर यंदा ते पुन्हा केले काय, हे विचारा. मग वेळापत्रक मागा. आठवड्यातून एक तरी दुपार मोकळी ठेवली आहे काय? सामन्याहून परत आलेल्या मुलाचे बुडालेले तास आणि प्रात्यक्षिके भरून देण्याची काही व्यवस्था आहे, की केवळ हजेरीची खूण करून त्याची बोळवण होते? शेवटी संघातील एखाद्या खेळाडूस त्याच्या विषयासंबंधी दोन शब्द विचारा, आणि पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास तो कोणता खेळ खेळतो ते विचारा. दोघेही गोंधळले तर त्या कॉलेजात तिन्ही गोष्टी असतील, समतोल नाही.

परंतु सर्वांत कठीण कसोटी कॉलेजची नव्हे, घराची आहे. उत्तमातील उत्तम कॉलेज शोधून दिले, आणि संध्याकाळचे तास आधीच क्लासला विकून टाकलेले असले, तर त्या मैदानाचा उपयोग काय? ज्या वस्तूसाठी वेळ द्यावयाचा नाही ती कॉलेजात असावी असा आग्रह आपण का धरतो, याचे उत्तर प्रत्येक पालकाने स्वतःशी द्यावे. मला वाटते, आपणांस मुलासाठी खेळ नको असतो; आपण त्याचा खेळ काढून घेतला नाही, असे स्वतःस सांगण्याची सोय हवी असते. ती सोय माहितीपत्रक पुरवते.

आरंभी सांगितलेली ती मुलगी मला श्रावणात रस्त्यात भेटली. पाठीवर क्लासची जड पिशवी होती. मी सुचवलेल्या कॉलेजात न जाता तिने ज्या कॉलेजात क्लास आवारातच भरतो, तेथे प्रवेश घेतला होता. मी विचारले, “काय ग, कसे आहे कॉलेज?” ती म्हणाली, “छान आहे सर. मैदान खूप मोठं आहे. आमच्या वर्गाच्या खिडकीतून सगळं दिसतं.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला अधिक लागले.

पुढच्या वैशाखात माझ्या दारावरील घंटा पुन्हा वाजेल. या खेपेस मी एक निश्चय केला आहे. कोणत्याही कॉलेजचे नाव घेण्यापूर्वी मी आलेल्या मातापित्यांस एवढेच विचारणार आहे की, आपल्या मुलाचे किंवा मुलीचे संध्याकाळचे दोन तास आपण मोकळे सोडणार आहात काय? होय म्हणतील त्यांच्याशी मी घटकाभर बसून बोलेन. या शहरात अजूनही दोन-चार कॉलेजे अशी आहेत की जेथे त्या दोन तासांचे चीज होईल. नाही म्हणतील त्यांस मी चहा देईन आणि नम्रपणे सांगेन की, आपणांस कॉलेजची निवड करण्याची आवश्यकता नाही. ती आपण केव्हाच करून चुकला आहात.